कप्प्यातून हरवलेलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं कार्ड आहे. पत्त्यांच्या कॅटमधलं नव्हे बरं का, तेवढी ऐट माझ्यात नाही. जुन्या इंग्रजी शब्दांचा कोश तयार करणाऱ्या कचेरीतलं मी कार्ड. तळहाताएवढं अंग आणि एका कोपऱ्यावर चहाचा डाग. माझ्यावर ‘मॅन्युमाइझ’ हा शब्द लिहिलेला आहे. गुलामाला मालकाने रीतसर मुक्त करणं, असा त्याचा अर्थ.

मला ज्यांनी लिहिलं, त्यांना मी बाबा म्हणतो. ते कचेरीत मुद्रितं तपासत. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात उभी हयात गेली, पण स्वतः शोधलेला शब्द एकच, तो म्हणजे मी. एका जुन्या दस्तात त्यांना एक ओळ सापडली. एका बाईला तिच्या दोन मुलांसह मुक्त केल्याची ती ओळ त्यांनी जशीच्या तशी माझ्यावर उतरवली. लिहिण्याच्या नादात कोपर लागून चहा सांडला. तो डाग मी अजून मिरवतो आहे.

आमच्या कप्प्यावर ‘स्वातंत्र्य’ अशी पट्टी होती. शेजारी ‘फ्रीलेज’ होता, म्हणजे नगरवासी म्हणून मिळणारे हक्क. पलीकडे ‘डिसेन्थ्रॉल’, दास्यातून सोडवणारा. ‘एल्युथेरोमेनिया’ म्हणजे स्वातंत्र्याचं वेड. नाव लांबलचक, म्हणून त्याचा तोरा विचारू नका! गंमत बघा, सगळे सुटकेचे शब्द आणि सगळे कुलपात. पण आम्ही सुखात होतो.

कचेरीचा एक कडक नियम होता. कार्ड बाहेर काढलं की त्याच्या जागी गुलाबी चिठ्ठी ठेवायची. कार्डही नाही आणि चिठ्ठीही नाही, तर तो शब्द कोशात नाही.

बाबा निवृत्त झाले आणि कप्प्यांची जबाबदारी त्यांच्या लेकीकडे आली. तिला सगळे ताई म्हणत. पुढे बाबांची स्मरणशक्ती विरत चालली. घरातली माणसंही ते विसरू लागले. एकच गोष्ट मात्र रोज विचारत, “माझा शब्द छापून आला का गं?”

एके दिवशी घरून निरोप आला, बाबा पडले. ताईच्या जिवाचं पाणी पाणी झालं. निघता निघता तिने मला उचललं आणि पर्समध्ये टाकलं. आपलं अक्षर पाहून बाबांना बरं वाटेल, एवढाच तिचा विचार. त्या गडबडीत गुलाबी चिठ्ठी ठेवायची राहिली. तीस वर्षांत पहिल्यांदा!

बाबांनी मला छातीशी धरलं. मग कुणाचं लक्ष नसताना उशाच्या जाड पुस्तकात ठेवून दिलं आणि विसरून गेले. ताईने घर पालथं घातलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, “कसलं कार्ड?” मी दोन हातांवर होतो, पण कागदाला ओरडता थोडंच येतं? मूळ दस्त कुठला, तेही माझ्यावरच लिहिलेलं. पुराव्यावाचून ताईचं काही चाललं नाही. कोश माझ्याविना छापला गेला.

वर्षभराने एक दिवस ताई घरी आली ती रडतच. आदल्या दिवशी तिची रजा होती, तेव्हा कचेरीत एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या. त्यांच्या हातात पणजीच्या आईचा कागद होता. त्यावर एक आई आणि तिची दोन मुलं अशी तीन नावं आणि पुढे हाच शब्द. नव्या साहेबांनी कोश उघडला, शब्द दिसला नाही. ते म्हणाले, “नक्कल करणाऱ्याची चूक दिसते. असा शब्दच नाही.”

“बाई म्हणाल्या, म्हणजे सुटले नाहीत तर,” ताई हुंदके देत सांगत होती. “आणि निघून गेल्या हो, बाबा. पत्तासुद्धा ठेवला नाही.”

बाबांनी तिचा हात धरला. मग अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, “चूक नाही ती. सुटले. तिघंही सुटले. सांग त्यांना.”

त्यानंतर महिन्याभरात बाबा गेले. त्यांची पुस्तकं आवरताना मी ताईच्या मांडीवर पडलो. तिने मला डोळ्यांशी लावलं आणि ती ओक्साबोक्शी रडली. ‘माझा शब्द छापून आला का?’ या बाबांच्या रोजच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं होतं आणि ‘नाही’ म्हणावं लागलं, हे तिला कायम सलत राहणार.

आता मी कचेरीच्या दारातल्या टेबलावर, काचेखाली असतो. कोशाची पुढची आवृत्ती कधी निघेल, कुणास ठाऊक. दार वाजलं की ताई मान वर करते. त्या बाई काही परत आलेल्या नाहीत.

मित्रांनो, कुठलीही वस्तू जागेवरून उचललीत, तर तिथे खूण ठेवत जा. आणि जुना शब्द कळला नाही म्हणून त्याला खोटा ठरवू नका. त्याच्या भरवशावर कुणीतरी मोकळं झालेलं असतं. तुमच्या शेजारीपाजारी तीन नावांचा पिवळा कागद जपणाऱ्या एखाद्या आजी असतील, तर एवढा निरोप द्या. म्हणावं, आजी, ती चूक नव्हती. तिघंही सुटले होते.