ओठ न हलवता

मित्रांनो, मी एक जुना वेबकॅम आहे. काचेचा एक डोळा, एक चिमटा आणि एक वायर, एवढाच माझा संसार. चिमट्याचं रबर झिजलंय, त्यामुळे लॅपटॉपवर बसवताना मागे पुठ्ठ्याची घडी खुपसावी लागायची. आता तोही प्रश्न उरला नाही. सध्या माझा मुक्काम टेबलाच्या खणात, सुकलेल्या पेनांच्या शेजारी आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने मला पहिल्यांदा वायर जोडली आणि समोर बारीक रेघांचा कागद धरला. एकूण एक रेघ मला वेगळी दिसली. "हा चांगला आहे गं," ती शेजारणीला म्हणाली. खोक्याच्या अंधारात मी त्या एका वाक्यावर दिवस काढले.

मला विकत घेतलं ताईने. ती तेव्हा परगावी औषधांचं शिक्षण घेत होती. घरी तिचे वडील, आप्पा, एकटेच होते. यंत्रांच्या धडधडाटात नोकरी करून आप्पांचे कान कायमचे गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखायचे. पण व्हिडिओ कॉलवर लॅपटॉपच्या मूळ कॅमेऱ्यात ताईचा चेहरा नुसता धुरकट दिसे. मी आलो आणि पहिल्याच संध्याकाळी आप्पा तिकडून ओरडले, "दिसले! पोरी, तुझे ओठ दिसले!" मित्रांनो, एवढं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही.

रोज संध्याकाळी ताई माझ्यासमोर बसून सावकाश, तोंड भरून बोलायची. तिला शिकवणाऱ्या मोठ्या बाईंचा एक नियम तिने आप्पांना सांगितला होता. औषध देताना चिठ्ठीवरचं आणि बाटलीवरचं नाव ओठांनी वाचायचं. डोळे सवयीने पुढे पळतात, ओठ मात्र अडखळतात, आणि अडखळलं की चूक सापडते. आप्पांना हे इतकं पटलं, की ते घरातल्या मिठाच्या डब्यावरची चिठ्ठीही तशीच वाचायला लागले.

शिक्षण संपवून ताई घरी आली आणि एका हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीवर लागली. बापलेक आता समोरासमोर बोलायची. माझं काम संपलं. गरज सरो, वैद्य मरो, म्हणतात ना, तसा मी खणात गेलो.

मला बाहेर काढलं ते परीक्षेने. हॉस्पिटलने फर्मान काढलं, की नवीन प्रमाणपत्र असेल तोच खिडकीवर बसेल, बाकीच्यांनी गोदामात खोकी लावायची. परीक्षा घरूनच द्यायची होती, पण कॅमेरा स्वच्छ हवा. ताईने माझी काच पुसली तेव्हा मला वाटलं, आपले दिवस फिरले.

फिरले खरे, पण उलटे. ताईने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, टेबल रिकामं केलं, मला हातात धरून खोलीचा कोपरा न् कोपरा दाखवला, पलंगाखालचासुद्धा. 'आत येऊ नका' म्हणून बाहेरून सांगितलं तर आप्पांना ऐकू येणार नव्हतं, म्हणून त्यांना शेजारच्या काकूंकडे बसवलं. माझ्यातून तिच्यावर नजर ठेवणारा परीक्षेचा निरीक्षक कुठे बसला होता देव जाणे. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. त्याची फक्त अक्षरं पडद्याच्या कडेला उमटत.

प्रश्न सुरू झाले, सगळे औषधांच्या मात्रांचे. थोड्याच वेळात अक्षरं आली: 'कृपया ओठ हलवू नका.' ताई दचकली. तिने ओठ घट्ट मिटले. मग तळहात तोंडावर धरला. 'कृपया हात काढा.' तिने हात काढला. पुढे एका लहान मुलाच्या औषधाचा प्रश्न आला. वजन इतकं, ताकद इतकी, तर चमचे किती. पोराच्या औषधाला ताईचे ओठ गप्प राहणं शक्यच नव्हतं.

पडदा बंद झाला. 'खोलीतील अन्य व्यक्तीशी संवादाच्या संशयावरून परीक्षा रद्द.'

ताईने मागे वळून रिकामी खोली पाहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कुणाशी बोलले मी? अहो, सांगा ना, कुणाशी?" माझ्या पलीकडे आता कुणीच नव्हतं. ओठ हलताना मी दाखवू शकतो, ते कशासाठी हलतात हे दाखवायची सोय माझ्यात नाही. फार वाईट वाटलं मला.

तिने तक्रार केली. उत्तर आलं ते तेच वाक्य, फक्त वर 'आदरणीय' लावून. ताई गोदामात खोकी लावू लागली. काही महिन्यांनी पुन्हा बसायची मुभा होती. काकू म्हणाल्या, "सोड गं नाद. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

"मी घालवते काकू," ताई म्हणाली. "बघाच तुम्ही."

रोज संध्याकाळी ती मला लॅपटॉपवर बसवायची, ओठांत पेन्सिल धरायची आणि औषधांची माहितीपत्रकं मनात वाचायची. पेन्सिल पडली की पुन्हा पहिल्यापासून. पडद्यावर स्वतःचंच तोंड डोळ्यांत तेल घालून बघायची. आप्पा खुर्ची घेऊन शेजारी यायचे, लेकीच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहायचे. एकदा म्हणाले, "माझ्यावर रागावलीस का गं?" तिने पेन्सिल न काढता नकारार्थी मान हलवली आणि पान उलटलं.

दुसऱ्या खेपेला तिचे ओठ शिवल्यासारखे होते. ताई पास झाली. काकू गोड घेऊन आल्या, हॉस्पिटलने खिडकी परत दिली. मला वाटलं, सुटलो सगळे.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. मी अजून लॅपटॉपवरच होतो. ताई कामावरून आली ती पांढरीफटक पडून. आप्पांसमोर बसली आणि म्हणाली, "आप्पा, आज माझ्या हातून एका पोराला भलतीच बाटली जात होती. त्याच्या आईनेच बघितलं म्हणून. मी ओठांनी वाचलंच नाही हो."

पण हे सगळं ती जेमतेम ओठ उघडून बोलली, जसं स्वतःला शिकवलं होतं तसं. आप्पा पुढे वाकले. "काय म्हणालीस? हळू सांग." तिने पुन्हा सांगितलं. पहिले शब्द तोंड उघडून आले, पुढचे आपोआप आत मिटले. आप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसून म्हणाले, "छान झालं. शाब्बास पोरी."

ताई उठली. तिने माझी वायर काढली.

मित्रांनो, माझी काच मऊ फडक्याने पुसा, वायर पिळू नका, ही विनंती तर आहेच. पण आमच्या डोळ्यांतून कुणावर पाळत ठेवाल, तेव्हा शिक्षा करण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा, की बाबा रे, काय करतोयस? माझ्या ताईला ते कुणीच विचारलं नाही.

खणात मला काही दिसत नाही. ऐकू मात्र येतं. संध्याकाळी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज येतो, ताईचं पुटपुटणं येतं, आणि ते थांबलं की आप्पांचं "छान" येतं.