धाकटीच्या पोटी काळा मोती

मंडईमागच्या गोदामात मोतीबाबांनी सुरी उचलली की तीनशे माणसं श्वास रोखत. बादलीतला जिवंत शिंपला भक्तानं कपाळाला लावायचा, बाबांनी तो फोडायचा, आणि आत टपोरा काळा मोती. "तुझी पीडा यानं गिळली," असं बाबा म्हणत. मग त्याच मोत्याचं भस्म मधातून चाटायचं आणि डॉक्टरची औषधं बंद. नाहीतर मोती रुसतो. मोती इतकं मनाला लावून घेतात हे मला ठाऊक नव्हतं.

माझ्या ताईनं फिटच्या गोळ्या बंद केल्याला अकरा दिवस झाले होते. एवढ्यात दोनदा फिट आली होती. पीडा जाताना दार आपटतेच, असं बाबांचं निदान होतं.

माझी बायको बटणांच्या कारखान्यात बावीस वर्षं शिंपले निवडते. ताईच्या हट्टापायी तीही आली होती. बाबांकडे न पाहता तिनं टोपलीतला फोडलेला शिंपला उचलला, बिजागरीवर अंगठा फिरवला आणि पिशवीतून कारखान्यातला एक काढून शेजारी धरला.

"वन्सं, या चुलत बहिणी. ही धाकटी. बिजागरीला बारीक दात, आतला काठ पिवळट. बाबांच्या बादलीत सगळ्या ह्याच. ही थोरली. तळहाताएवढी, बिजागरी गुळगुळीत, काठ काळा. मोत्याला रंग येतो तो आतल्या अस्तराचा. इतका काळा मोती थोरलीचाच. धाकटीच्या पोटी आला कुठून?"

मग तिनंच सांगितलं. पाण्याबाहेर दमलेला शिंपला जरा उघडतो. फटीत पाचर मारायची, विकतचा मोती सरकवायचा, पाचर काढली की तो आपोआप मिटतो. बादलीतल्या प्रत्येकाच्या काठावर, एकाच जागी, पाचरेची खाच होती. कुणाच्याही कपाळाला न लावता तिनं दोन फोडले. दोन्हींत मोती.

"ही कुणाची पीडा?" तिनं विचारलं.

पुढच्या रांगेतली माणसं बादलीत डोकावून खाच शोधू लागली. मला वाटलं, जिंकलो.

बाबा शांतपणे हसले. "धाकटीच्या पोटी थोरलीचं लेकरू. बाई, चमत्कार म्हणतात तो यालाच. इतकी वर्षं मला हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं."

तीनशे हात जोडले गेले. काही बायकोपुढेही. दुसऱ्या दिवसापासून बाबा दोन्ही शिंपले शेजारी ठेवून फरक समजावू लागले. अगदी बिनचूक.

ताईला तिसरी फिट रांगेतच आली. लोकांनी गोल करून जयजयकार केला. तिला कुशीवर वळवायला आम्ही दोघंच होतो.

तर वाचकहो, शिंपला आधी हातात घेऊन पाहा. मोती सापडला म्हणजे तो तिथंच वाढला असं नाही. आणि चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. ताईलाही मी रोज एवढंच सांगतो. ती मध चाटत ऐकून घेते.