महिनाभराच्या खुणा

लाकूडकामाच्या कारखान्यातला फोरमन मोठा शिस्तीचा माणूस. हत्यारं तपासल्याची वही त्याच्याच ताब्यात. रोज सकाळी प्रत्येक मशीन बघायचं आणि वायर ठीक, बटण ठीक, पात्यावरचं झाकण जागेवर अशा खुणा करायच्या, हा नियम. फोरमन एक तारखेलाच बैठक मारून अख्ख्या महिन्याच्या खुणा उरकून टाके, सुट्ट्यांसकट. रोज उठून तेच कोण करणार?

सतरा तारखेला, त्याच्याच हाताखाली कामाला असलेल्या मेहुण्याची उजव्या हाताची दोन बोटं गेली.

लाकूड कापायच्या हातग्राइंडरला झाकणामुळे मोठं पातं बसेना, म्हणून फोरमननेच चार दिवसांपूर्वी झाकण काढलं होतं. परत लावायचं राहिलं. मेहुण्याने मशीन उचललं, पातं लाकडात अडकलं, मशीन उसळलं.

मालकांनी वही चाळली. "झकास! सतराला झाकण जागेवर होतं. म्हणजे पठ्ठ्यानेच नंतर काढलं. अहवालात तसं लिहा, त्याची सही घ्या. असल्या माणसाला परत कामावर घ्यायची भानगड नको."

वीस वर्षांत वहीचं कौतुक पहिल्यांदाच झालं होतं. फोरमनने अहवाल लिहिला. अक्षरही चांगलं आलं.

सही घ्यायला तो दवाखान्यात गेला, तेव्हा त्याची बायको धाकट्या भावाच्या उशाशी बसून त्याला झापत होती. "लहानपणापासून धांदरट! भाऊजींकडे बघ जरा. एवढी वर्षं मशीनवर काढली, दहाच्या दहा बोटं शाबूत!"

फोरमनने अहवालाचा कागद खाटेवर ठेवला आणि दहाही बोटं खिशात घातली.

"चूक माझीच, ताई," मेहुणा म्हणाला. "झाकण नाही हे दिसत होतं, तरी चालवलं. भाऊजी, कुठे करू सही? डाव्या हाताची आहे, वाकडी येईल."

"आधी वाचून तरी बघ."

"तुम्ही लिहिलंय ना? मग काय वाचायचं त्यात!"

त्याने कागद गुडघ्यावर घेतला, डाव्या हातात पेन कसंबसं धरलं आणि तो नावाचं पहिलं अक्षर काढायला लागला. अर्धं झालं असेल नसेल, फोरमनने कागद ओढला. शाईची रेघ पार कडेपर्यंत गेली.

"झाकण मी काढलं होतं," तो म्हणाला. "आणि वहीतल्या खुणा एक तारखेच्या आहेत. एकतीसपर्यंत."

मेहुणा बँडेजकडे बघत राहिला.

"मग ते लिहा," शेवटी तो म्हणाला. "मागची बाजू कोरी आहे."

बायकोने भावाच्या हातातलं पेन काढून घेतलं. नवऱ्याच्या हातात मात्र दिलं नाही. गादीच्या कडेला ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून बसली.