आक्काचा खोकला

मलकापूरच्या नाथाजीजवळ कुणी शिंकलं की तो श्वास रोखून वीस आकडे मोजायचा. लग्नाला जायचा पण पंगतीला बसायचा नाही. छातीत जरा कळ आली की एक्स-रे, जीभ पांढरी दिसली की रक्ताची तपासणी. रिपोर्टमध्ये कधीच काही निघायचं नाही, त्यामुळं त्याचा रिपोर्टवरचा विश्वास उडाला होता. बायको शालननं त्यावर बोलणं केव्हाच सोडलं होतं.

श्रावणात माधवनगरहून त्याच्या थोरल्या बहिणीच्या शेजारणीचा फोन आला. रंगूबाई, म्हणजे नाथाजीची आक्का, महिनाभर खोकत होती, आता तिला उठवतही नव्हतं. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही.

"टीबी असंल म्हणत्यात," शेजारीण म्हणाली. "कोण आत जायला तयार न्हाई."

त्या न जाणाऱ्यांतले आपणही एक, हे नाथाजीला तासभर टोचत राहिलं. मग त्यानं एकावर एक दोन मास्क लावले आणि सांगलीची एसटी पकडली. आष्ट्याच्या अलीकडं मागच्या सीटवरचा माणूस खोकायला लागला, तेव्हा हा उठला आणि सांगलीपर्यंत दाराजवळ उभा राहिला. पण उतरला नाही.

माधवनगरात आक्काच्या खोलीची खिडकी बंद होती. ती भिंतीला टेकून बसली होती.

"लांबच थांब रं नाथा. तुला सोसायचं न्हाई."

तो उंबऱ्यातच थांबला. खिडकीत एक प्लास्टिकची डबी होती. सकाळचा बेडका त्यात धरून सरकारी दवाखान्यात द्यायचा होता. दवाखान्यातून डबी येऊन दोन दिवस झाले होते, पण परत नेणार कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का डबीत थुंकली. पण तिला झाकण लावता येईना. नाथाजी बाहेरून बघत होता. दोनदा झाकण खाली पडलं. तिसऱ्यांदा तो आत गेला, आधी खिडकी उघडली, मग तिच्या हातातली डबी घेऊन झाकण घट्ट बसवलं. दवाखान्यापर्यंत हात अंगापासून लांब धरून तो चालत गेला.

रिपोर्ट आला, टीबीच होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंना त्यानं इतके प्रश्न विचारले की मागची रांग कुरकुरायला लागली.

"औषध सुरू झालं की दोनेक आठवड्यांत लागण व्हायची भीती बरीच कमी होते," त्या म्हणाल्या. "तोवर मास्क आणि उघडी खिडकी. गोळ्या मात्र सहा महिने, एकही चुकवायची नाही. रोज देणार कोण?"

"मी देणार. घरी नेतो तिला," नाथाजी म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून घाबरला.

"मग घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या. तुम्हीसुद्धा."

आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांनी आपणहून त्याला तपासायला सांगितलं होतं, आणि नेमकं आज त्याला ते नको वाटलं. तरी त्यानं तपासून घेतलं. काही निघालं नाही.

भाड्याच्या गाडीच्या सगळ्या काचा खाली करून त्यानं आक्काला मलकापूरला आणलं. रानाकडची उजेडाची खोली दिली. रोज सकाळी गोळ्या द्यायच्या आणि तिनं गिळेपर्यंत समोर बसायचं. मग बाहेर येऊन हात धुवायचे. साबणानं त्याच्या बोटांची सालं निघाली.

चौथ्या आठवड्यात आक्काला मळमळायला लागलं. तिनं गोळ्या ताटलीत टाकल्या.

"सोड मला. किती दिवस करणार हाईस?"

"आक्का, मला रोज वाटतं मला टीबी झालाय. रोज उठलो की वाटतं. तरी मी हितं येतोय का न्हाई?"

"येतोयस."

"मग तू गीळ."

आक्काला हसू आलं, हसता हसता खोकला आला. नाथाजी एक पाऊल मागं सरला, मग पुढं होऊन त्यानं पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला.

माघात शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला. आक्का सैपाकघरात शालनशेजारी बसून भाकरी थापायला लागली होती. त्याच आठवड्यात पलीकडच्या वस्तीवरचा केरबा फाटकाशी येऊन लांबच उभा राहिला. त्याच्या सुनेला तोच आजार निघाला होता आणि घरात कुणी तिच्या खोलीत जात नव्हतं.

"नाथा, तुला म्हाईत हाय म्हणून इचारतो. काय करायचं रं?"

नाथाजीच्या घशात लगेच खवखवायला लागलं. तरी त्यानं खुंटीवरचा मास्क काढला.

"चल," तो म्हणाला. "आधी तिची खिडकी उघडू."