ओझेलाबाईंनी बोलता केलेला पियानो

मित्रांनो, मी पिट्सबर्गच्या एका नाचघरातला जुना पियानो. शिकागोच्या कारखान्यात माझा जन्म झाला, तेव्हा कामगार माझ्या लाकडात बघून भांग पाडत, इतका मी चकचकीत होतो. नाचघरात आलो आणि माझे हाल सुरू झाले. लोक माझ्यावर बिअरचे ग्लास ठेवत, माझ्या कडेवर सिगारेटी विझवत. माझी एकेक पट्टी मुकी होत गेली.

दर शनिवारी माझ्यावर जॅझ वाजवायला थॅडियस बॅस्कम यायचे. ते जन्मापासून आंधळे होते. सोबत त्यांच्या पत्नी ओझेलाबाई असायच्या. दिवसभर शिवणकाम करून दमलेल्या असल्या, तरी कार्यक्रमाआधी माझ्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या त्या दाबून बघायच्या.

"थॅडी, मधल्या सप्तकातली दुसरी काळी गेली रे."

"तिला वगळून वाजवू. तुझ्या आईला वगळून लग्न नाही का केलं आपण?"

"गप बस," म्हणत त्या त्यांचा टाय सारखा करायच्या.

पण मुक्या पट्ट्या वाढतच गेल्या. एकदा भर कार्यक्रमात थॅडियसची बोटं तीनदा रिकामी पडली आणि लोक हसले. ओझेलाबाईंनी मालकाला, टॉलिव्हरला, गाठलं.

"पियानो दुरुस्त करा."

"लोक नाचायला येतात, बाई. त्यांना काय कळतंय?"

"आंधळ्या माणसाला पायऱ्या तुटलेला जिना चढायला लावताय तुम्ही."

टॉलिव्हर ढिम्म हलला नाही. मग बाई पियानो दुरुस्त करणाऱ्या ह्रुस्का नावाच्या म्हाताऱ्याकडे दर गुरुवारी शिकायला जाऊ लागल्या. माझ्या आतल्या हातोड्यांच्या लोकरी गाद्या झिजल्या होत्या. त्यांच्या जागी बाईंनी स्वतःच्या लोकरी फेल्ट हॅटचे तुकडे कापून बसवले. सुई धरणारा तो हात फार हलका होता. वर्षभरात मी पुन्हा पुरा बोलू लागलो. टाळ्या थॅडियसना मिळायच्या. बाई कोपऱ्यात त्यांचा कोट मांडीवर घेऊन बसायच्या.

मग बाई आजारी पडल्या. शेवटचं एकदा त्या ह्रुस्कांना घेऊन माझ्याकडे आल्या. "माझ्यामागे याच्याकडे बघाल ना?" त्यांनी विचारलं. म्हाताऱ्यानं मान डोलावली.

त्या गेल्या आणि थॅडियसनी वाजवणं सोडलं. आठ महिन्यांनी ह्रुस्कांनी त्यांना हाताला धरून माझ्यापाशी आणलं.

"कुठली पट्टी मुकी आहे, आता कोण सांगणार मला?" थॅडियस म्हणाले.

"एकही नाही. बघा दाबून."

त्यांनी डावीकडून सुरुवात केली. एकेक सूर पूर्ण विरेपर्यंत ते थांबत. शेवटच्या पट्टीशी बोट पोचलं, तेव्हा त्यांचा चेहरा ओला झाला होता.

"दर महिन्याला येतो मी," ह्रुस्का म्हणाले. "तिनं सांगून ठेवलं होतं."

थॅडियसनी कोट काढून ह्रुस्कांच्या हातात दिला. "धरा जरा," म्हणाले, आणि वाजवू लागले.

मित्रांनो, वाद्यं जपा. ती जपणाऱ्या माणसांची नावंही विचारून घ्या. थॅडियस आता प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला ओझेलाबाईंचं नाव घेतात. लोक उठून टाळ्या वाजवतात, आणि त्या थांबेपर्यंत थॅडियस पहिला सूर लावत नाहीत.