गाळ पोटात घेतलेली विहीर

मी एक जुनी, दगडी आणि सध्या फार चिडलेली विहीर आहे. मित्रांनो, विहिरी थंड असतात हे तुम्हाला कोणी सांगितलं?

माझ्या तरुणपणी पाणी इतकं वर असे, की काठावर झोपलेल्या माणसाची मिशी ओली होई. खोटं वाटत असेल तर त्या मिशीला विचारा. पाऊस आमच्याकडे वाट चुकल्यासारखा येतो. पण वरच्या अंगाला धरण आहे. तिथलं पाणी वाळूतून झिरपत माझ्यापर्यंत येई. वीटभट्टीवाले दर उन्हाळ्यात धरणाच्या तळाचा गाळ खणून नेत, म्हणून वाळू मोकळी राही. माझ्या जिवावर लॉन्ड्रीवाल्या मावशीनं शेजारी दुकान थाटलं, दोन मुली वाढवल्या.

मग नगरपंचायतीच्या अध्यक्षसाहेबांनी धरणाकाठी बाग केली. खणाखणीनं देखावा बिघडतो म्हणून भट्टीवाल्यांना हाकललं. गाळ साचला, तळाला लिंपल्यासारखा बसला. पाणी वर चकाकत राहिलं आणि उन्हानं गट्ट केलं. माझ्याकडे थेंबही उतरेना. लोक मात्र बागेतून पाणी बघून खूश! आणि नावं ठेवली कोणाला? मला. म्हणे, विहीर म्हातारी झाली. अहो, ताट झाकून ठेवायचं आणि वर जेवत नाही म्हणून बोल लावायचा!

मावशीनं इस्त्र्या बांधल्या. धाकट्या लेकीकडे, परगावी जायचं ठरलं. इकडे मला बुजवायचा हुकूम सुटला. माती कुठली, तर धरणातलाच गाळ. फुकट ना! मी निम्मी बुजले तोवर अवकाळी पाऊस आला आणि काम थांबलं. धरणात खणलं होतं तिथे वाळू उघडी पडली होती. काही दिवसांतच माझ्या वरच्या दगडांच्या फटी पाझरू लागल्या.

अध्यक्षसाहेब काठावर येऊन म्हणाले, "बघितलंत? आमची माती टाकली आणि पाणी लागलं."

रागानं माझे दगड हलले. मावशीनं मात्र चेहरा अगदी साळसूद ठेवला.

"गुणाची माती हो, साहेब. धरणातली सगळी काढा. हिचं पोट भरलं आता, बाकीची भट्टीवाल्यांना द्या."

साहेब अभिमानानं फुगले. भट्टीवाल्यांच्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या. मावशीनं इस्त्र्यांच्या गाठी सोडल्या.

पण मित्रांनो, माझा राग उतरलेला नाही. बागेत साहेबांच्या नावाची पाटी लागली आणि माझ्या पोटात त्यांचा गाळ तसाच आहे. पाणी चकाकताना दिसलं की टाळ्या वाजवू नका. ते खाली उतरतं का, एवढं विचारा. आणि मला भेटायला याल तेव्हा हात हलवत येऊ नका. फावडी आणा.