खालची चिठ्ठी

भाचीने चिमट्याने टाचणी उचलली, बुचाच्या तुकड्यात खोचली आणि काळा भुंगेरा मायक्रोस्कोपखाली सरकवला. पायावर वाळकी माती होती, ती तिने ओल्या ब्रशने हळूच पुसून काढली. मग मोजले. पुन्हा मोजले. पुढच्या पायाच्या नडगीवर, बाहेरच्या कडेला करवतीसारखे तीन दात असायला हवे होते, आणि होते चार. चौथा अगदी वर, गुडघ्यापाशी, झिजून नुसता उंचवटा उरलेला. पण होता.

टाचणीवर किड्याच्या खाली दोन चिठ्ठ्या होत्या, नखाएवढ्या. वरच्या चिठ्ठीवर हा कुठे सापडला, कधी आणि कुणाला. तिच्या खालच्या चिठ्ठीवर त्याचे लॅटिन नाव, आणि ते ज्याने ठरवले त्याचे, म्हणजे मामांचे नाव. चार दातांच्या किड्याला ते लॅटिन नाव काही केल्या चालणारे नव्हते. तिने शेजारचा उचलला. तोही चार दातांचा. त्याच्या पलीकडचाही तसाच. पुढची सगळी ओळच तशी निघाली.

मामा खिडकीकडे पाठ करून आरामखुर्चीत बसले होते, कानाशी रेडिओ. आयुष्यभर त्यांनी लोकांचे दात पाहिले आणि सुट्टीच्या दिवशी शेणातले किडे गोळा केले. दवाखान्यातली जुनी बारीक हत्यारे ते किडे साफ करायला वापरत, आणि मामी येईल त्या पाहुण्याला सांगे, “सहा दिवस लोकांच्या तोंडात आणि सातव्या दिवशी शेणात. माणूस तोच, हात तेच. आता चहा घेणार का, बोला.” पाहुणे हसत आणि चहा नको म्हणत.

उद्या सकाळी संग्रहालयाचा माणूस गाडी घेऊन येणार होता. कपाटे, खण, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट सगळे तिकडे जायचे होते. जायच्या आधी एकदा नजर टाकून जा, असा मामांनीच भाचीला निरोप धाडला होता. परक्याने चुका काढण्यापेक्षा घरच्याने काढलेल्या बऱ्या, असेही म्हणाले होते. माझ्या चुका सांगा असे म्हणणारी माणसे भाचीने पुष्कळ पाहिली होती. त्यांना चुका सांगायच्या नसतात, एवढे तिला कळत होते.

तिला हे वेड मामांनीच लावले. जाळीची काठी तिच्या डोक्याच्याही वर जायची त्या वयात त्यांनी तिला रानात नेले, आणि किडा कसा धरायचा हे शिकवण्याआधी चिठ्ठीचा नियम शिकवला. दुसऱ्याची चिठ्ठी कधी काढायची नाही. त्याने दिलेले नाव पटले नाही, तर आपली चिठ्ठी लिहून त्याच टाचणीवर, त्याच्या चिठ्ठीच्या खाली लावायची. चुकणारा आणि चूक दाखवणारा, दोघेही एकाच टाचणीवर राहतात, पुढच्या माणसाने काय ते बघून घ्यावे. घरात कुणाचे वडील लवकर जातात तेव्हा मामाच बाप होतो. तिचा तसा झाला होता, आणि बापाने शिकवलेले विसरायचे नसते.

नियम सांगणे सोपे. मामांचे एक स्नेही होते, चित्रकलेचे मास्तर. रविवार आला की हजर. एकदा मामा हात धुवायला आत गेले असताना त्यांनी एका शिंगाळ्या भुंगेऱ्याखाली आपली चिठ्ठी लावून ठेवली. मामांनी बाहेर येऊन ती वाचली. दोघांनी चहा घेतला, मामा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, आणि त्यानंतर त्यांच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. मास्तर वारले तेव्हाही गेले नाहीत. चिठ्ठी मात्र जागच्या जागी होती. “माणूस काढून टाकला, पण चिठ्ठीला हात नाही लावला,” असे मामी म्हणायची. मास्तरांचे बरोबर होते, हे सगळ्यांना माहीत होते, मामांनाही, आणि तेच जास्त लागले होते.

म्हणून भाची कोऱ्या चिठ्ठ्यांची डबी जवळ घेऊन नुसती बसून राहिली. मामांच्या रागाला ती भीत नव्हती. ते बोलायचे बंद होतील याला भीत होती. ज्याच्याशी दोन तास शेणकिड्यांवर बोलता येईल असे दुसरे माणूस तिला या जगात नव्हते. नवरा ऐकून घ्यायचा, पण ते ऐकून घेणेच.

एक गोष्ट तिला खटकत होती. जुन्या खणांत तिला एकही चूक सापडली नव्हती. गोंधळ होता तो अलीकडच्या खणांत, आणि जसजसे शेवटाकडे यावे तसतसा जास्त. वय झाले, घाई करत असतील, असे तिने मनाशी ठरवले. पाणी प्यायचे निमित्त करून ती आत गेली आणि मामा हल्ली काम उरकून टाकतात का, असे तिने सहज विचारल्यासारखे विचारले.

“उरकतात?” मामी म्हणाली. “एका किड्यापुढे अर्धा अर्धा दिवस बसून असतात. हाक मारली की खेकसतात.”

म्हणजे हट्टीपणा, असे भाचीने धरले. हल्ली तिच्याशी बोलतानाही मामा मान जराशी वळवून बोलत, भलतीकडेच बघितल्यासारखे. तेही तिने रुसव्याच्या खात्यात टाकले होते. ती बाहेर आली, खणावर काच बसवली, डबीचे झाकण लावले.

“झालं?” मामांनी विचारले.

“झालं. सगळं ठीक आहे.”

“चिठ्ठ्या किती लावल्यास?”

“एकही नाही. गरजच नाही पडली.”

मामांनी रेडिओ बंद केला. “शेवटच्या खणातली ती काळी ओळ. माझी मलाच खात्री नव्हती तिच्याबद्दल. आणि तुला सगळं ठीक दिसलं.”

भाची गुळमुळीत काहीतरी बोलली. संग्रहालयात त्यांची माणसे असतात, ती निवांत बघतील, एवढ्यात कशाला, असे. बोलता बोलता तिचे तिलाच ते पटेना.

“म्हणजे आहे काहीतरी,” मामा म्हणाले. “मास्तर आठवले ना तुला?”

तिने डबीचे झाकण उघडले आणि पुन्हा लावले.

“चिठ्ठी तर कुणीतरी लावणारच आहे. आज नाही तर पुढे कधी. मी गेल्यावर लावली, तर मला कळणार कसं?”

ते रागाने बोलले नाहीत. कोणता दात दुखतोय, असे रोग्याला विचारायचे तशाच स्वरात बोलले. तिने खण पुन्हा उघडला, पहिला भुंगेरा बुचासकट उचलला आणि सांगून टाकले. तीन नाहीत, चार आहेत. चौथा वर गुडघ्यापाशी आहे, झिजलेला, पटकन लक्षात येत नाही. एका दमात सांगितले, कारण दुसऱ्या दमात तिला ते जमले नसते.

“दाखव,” मामा म्हणाले आणि खुर्चीतून उठले.

तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. टेबलावर ट्रे ठेवायला जागा नव्हती. भाचीने हातातले बूच खणाच्या काचेवर ठेवले, पुस्तके बाजूला सारली, मामीच्या हातून ट्रे घेतला. ती वळली तेव्हा मामा मायक्रोस्कोपपुढे बसलेसुद्धा होते. चष्मा कपाळावर चढवून, डोळे भिंगाला लावून. थांबा, अजून ठेवला नाही, असे ती म्हणणार होती, पण तेच आधी बोलले.

“हं. दिसला.” त्यांनी चाक किंचित फिरवले. “गुडघ्यापाशी. झिजलाय बराच, पण आहे. चौथाच.”

भिंगाखाली मायक्रोस्कोपची रिकामी पांढरी चकती होती आणि तिच्यावर दिव्याचा उजेड. भुंगेरा भाचीच्या कोपराशी होता, चहाच्या कपाला लागून.

“चुकलात म्हणजे शेवटी,” मामी साखर ढवळत म्हणाली.

“चुकलो,” मामा म्हणाले. डोळे त्यांनी भिंगावरून काढले नाहीत.

भाचीचे चष्म्याचे दुकान होते. रोज दिवसभर ती लोकांचे नंबर काढायची. असली माणसे तिथे नेहमी यायची, बाहेरच्या बाकावर बसून तक्ता पाठ करणारी आणि आत आल्यावर तो घडाघडा म्हणून दाखवणारी. ती त्यांना पहिल्या ओळीतच पकडायची. बघू त्या वस्तूवरच डाग पडतो, कडेकडेचे मात्र दिसत राहते, अशा डोळ्यांची माणसे घरभर न अडखळता फिरतात आणि समोरच्याकडे मान वळवून बघतात, हे ती गिऱ्हाइकांच्या मुलांना समजावून सांगायची. मामीला मामा न चुकता दुकानात आणायचे, आणि माझं ठीक आहे, तिचं बघ, म्हणून स्वतः बाहेर बसायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिला स्वतःची लाज वाटली, आणि रागही आला. समोर आजारी डोळे होते, आणि ती त्यांच्या चुका मोजत बसली होती.

तिने कप उचलून मामांच्या हाताशी ठेवला.

“लिही आता,” मामा म्हणाले. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि तोंड पुसले. “चिठ्ठी लिही. अक्षर बारीक काढ, तुझं जरा ऐसपैस असतं.”

भाचीने डबीतून कोरी चिठ्ठी काढली. लॅटिन नाव लिहिले, ते बरोबर आहे ना म्हणून मोठ्याने वाचले. मामांनी स्पेलिंग अक्षर अक्षर सांगून खात्री करून घेतली. मग ती थांबली. नावाखाली किडा ओळखणाऱ्याचे नाव घालायचे असते. ज्याने डोळ्यांनी पाहिला त्याचेच, हाही मामांचाच नियम.

“दोघांचं घालते,” ती म्हणाली. “तुम्हीही पाहिलात ना.”

मामी कप गोळा करत होती. तिने दोघांकडे पाहिले आणि ट्रे घेऊन आत गेली. मामांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुन्हा परत.

“नको,” ते म्हणाले. “तुझं एकटीचं घाल. माझं वर आहे.”

तिने आपले नाव लिहिले, शाई वाळू दिली आणि चिठ्ठी टाचणीवर मामांच्या चिठ्ठीखाली सरकवली. टाचणी खणात परत खोचली. मग आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीशेजारी ओढली, ओळीतला दुसरा भुंगेरा उचलला आणि या खेपेला तो नीट भिंगाखाली ठेवून स्वतः वाकली. दिसेल ते ती मोठ्याने सांगू लागली. रंग काळा, पाठ चमकदार, पंखांवर बारीक रेघा.

“हळू,” मामा म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. “पुढच्या पायापासून सांग.”